बसल्या जागी चाळीस गड

गड बघायचा म्हणजे चढायचा, एवढं मराठी माणसाला पक्कं ठाऊक असतं. पहाटेच्या एस्टीने पायथ्याचं गाव गाठायचं, कुणाच्या तरी ओसरीवर कांदेपोहे खायचे, अर्ध्या वाटेत धाप लागली की ‘वा, काय देखावा आहे’ म्हणत थांबायचं आणि माचीवर पोचल्यावर टाक्यातलं पाणी पिण्याजोगं आहे की नाही यावर वाद घालायचा. पायांत गोळे आले नाहीत तर गड पाहिल्याची नोंद मनात होतच नाही. जर्मनीत ऱ्हाइन नदीवर ही सगळी रीतच उलटी. तिथे माणूस वरच्या डेकवर खुर्चीत बसतो, मांडीवर बोटीने दिलेलं लोकरी पांघरूण घेतो, हातात कॉफी धरतो आणि गड एकामागून एक त्याच्या समोरून चालत जातात.

रूडेसहाइमपासून कोब्लेंझपर्यंतचा हा साधारण पासष्ट किलोमीटरचा पट्टा. नदी इथे डोंगर कापत, वळणं घेत जाते. दोन्ही काठांवर मिळून चाळीसेक किल्ले, गढ्या आणि त्यांचे अवशेष. युनेस्कोने २००२ मध्ये अख्खी दरीच जागतिक वारशाच्या यादीत टाकली. मराठ्यांचे बारा किल्ले त्या यादीत गेले ते २०२५ मध्ये. त्यांतले जलदुर्ग सोडले तर एकही बसून बघता येत नाही, याचा परदेशात उगाचच अभिमान वाटतो.

या नदीवरच्या बोटी एका विशिष्ट मापाच्या असतात. लांबी १३५ मीटर आणि रुंदी साडेअकरा मीटरलाही जरा कमी. कारण पुढे माइन आणि मोझेल या नद्यांवर बोटी वरखाली करणारी जी लॉक आहेत, ती बारा मीटर रुंद. लॉकने माप दिलं आणि बोटीवाल्यांनी त्या मापात चाळ बसवली. खोलीत दोन माणसं एकाच वेळी उभी राहू शकतात, पण एकाने स्वेटर घालायला घेतला तर दुसऱ्याने पलंगावर बसावं लागतं. आमची खोली सगळ्यांत खालच्या मजल्यावर, म्हणजे सगळ्यांत स्वस्तातली. तिथली खिडकी वर छताजवळ असते आणि उघडत नाही, कारण तिच्या काचेखाली वीतभर अंतरावर ऱ्हाइन वाहत असते. सकाळी दात घासत असताना त्या खिडकीत एक हंस आला. पांढरी लांब मान, चोचीवर ती काळी गाठ आणि डोळ्यांत शेजाऱ्यांच्या घरात डोकावणाऱ्याची शांत चिकाटी.

‘‘अहो, हा आत बघतोय,’’ हिने पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं.

‘‘पक्षी आहे गं तो.’’

‘‘असू दे. पडदा ओढा.’’

पडद्यांचं महत्त्व वरच्या मजल्यावरच्या श्रीमंतांनाही कळतंच. धक्क्यावर जागा कमी आणि बोटी जास्त, म्हणून रात्री बोटी एकमेकींना खेटून बांधतात. काठावर जायचं तर दुसऱ्या बोटीच्या स्वागतकक्षातून, तिथल्या माणसांना गुड मॉर्निंग म्हणत, त्यांच्या काउंटरवरचं सफरचंद घेण्याचा मोह आवरत जावं लागतं. रात्री नदी बघत झोपलेला माणूस सकाळी हौसेने पडदा सारतो, तर समोर दोन हातांवर दुसऱ्या बोटीची खिडकी आणि तिच्यात गालाला साबण लावलेले एक आजोबा. दोघेही क्षणभर एकमेकांकडे बघतात आणि मग आपण पलीकडचा डोंगर बघत आहोत असा चेहरा करतात. डोंगर अर्थातच दिसत नसतो.

आदल्या रात्री उशीवर एक छापील कागद ठेवलेला असतो. त्यात दुसऱ्या दिवसाचा कार्यक्रम. ‘आरामाचा दिवस’ असं वर लिहिलेलं आणि खाली पहाटे उठणाऱ्यांसाठी कॉफी सहाला, न्याहारी सातपासून, दोर सोडणे साडेनऊ, गडांची माहिती पावणेदहापासून, जेवण बारा, नॅपकिनच्या घड्या घालण्याचं प्रात्यक्षिक अडीच, केक-कॉफी चार, उद्याची माहिती पावणेसात, रात्रीचं जेवण सात, पियानो नऊ, आणि ज्यांना तरीही भूक लागेल त्यांच्यासाठी रात्री साडेदहाला काहीतरी. बोटीवर चढल्या दिवशी लाइफ जॅकेट घालून कवायतही झाली होती. त्यात कप्तानाने सांगितलं की बोट बुडालीच तर घाबरू नका, सगळ्यांत वरच्या डेकवर जाऊन एक बिअर मागवा, तिथपर्यंत पाणी येणार नाही. हा विनोद तो दर आठवड्याला करत असणार, हे पाठच्या वेटरांच्या चेहऱ्यांवरून दिसत होतं.

बोटीवर आमच्याशिवाय आणखी एक मराठी जोडपं होतं, डोंबिवलीचं. गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी ग्रुप टूर केल्या होत्या, ज्यांत बॅगा पहाटे दाराबाहेर ठेवायच्या असतात, बस कुणासाठी थांबत नाही आणि एका दिवसात दोन देश होतात. मुलाने या वेळी हट्टाने त्यांना बोटीवर पाठवलं होतं, जरा आराम करा म्हणून. पहिल्या दिवसापासून ते अस्वस्थ होते.

‘‘साहेब, इथे बॅग उचलायचीच नाही म्हणतात,’’ ते मला खासगी आवाजात म्हणाले. ‘‘एकदा लावली की शेवटपर्यंत तिथेच. मग माणसाला कळणार कसं, की आपण पुढे सरकलोय?’’

त्याचं उत्तर त्यांना नदीनेच दिलं. ऱ्हाइनच्या काठावर दर किलोमीटरला पांढऱ्या पाटीवर काळा आकडा असतो. हे आकडे वर कॉन्स्टान्झच्या पुलापासून मोजत येतात. रूडेसहाइमपाशी ते ५२६ च्या आसपास असतात आणि कोब्लेंझला ५९२. ही गोष्ट कळल्यावर त्यांनी घड्याळ काढलं. दोन पाट्यांमध्ये तीन मिनिटं. ‘‘म्हणजे ताशी वीस,’’ त्यांनी जाहीर केलं. ‘‘प्रवाहाच्या दिशेने चाललोय म्हणून. उलट आलो असतो तर निम्मं.’’ त्यानंतर कोब्लेंझपर्यंत त्यांना कुणी निवांत बसलेलं पाहिलं नाही, आणि मला वाटतं ते या सफरीत प्रथमच सुखी झाले.

गड सुरू झाले. इथे एक अडचण असते, ती कुठल्याच माहितीपत्रकात लिहीत नाहीत. गड दोन्ही काठांवर आहेत आणि माणसाला तोंड एकच. ध्वनिक्षेपकावरून बाई सांगते, डावीकडे बघा. पण आधी जर्मनमध्ये सांगते. जर्मन मंडळी डावीकडे जातात. मग इंग्रजीत सांगते, तोवर डावीकडचा गड मागे गेलेला असतो आणि जर्मन मंडळी उजवीकडे निघालेली असतात. डेकच्या मधोमध दोन भाषांची गाठ पडते. सगळेजण अत्यंत सभ्यपणे एकमेकांची माफी मागतात आणि दोन्ही गड चुकतात. एका अमेरिकन आजींनी यावर तोडगा काढला होता. त्या शेवटपर्यंत उजवीकडेच बसून राहिल्या आणि डावीकडचे गड नवऱ्याच्या फोनमध्ये रात्री बघू म्हणाल्या.

पहिला आला तो उंदरांचा मनोरा. बिंगनजवळ नदीतल्या बेटावर उभा असलेला चिंचोळा बुरूज. दंतकथा अशी, की दहाव्या शतकातल्या हाट्टो नावाच्या आर्चबिशपने दुष्काळात धान्य मागायला आलेल्या गोरगरिबांना कोठारात कोंडून जाळलं, मग उंदरांची धाड त्याच्या मागे लागली, तो नदीतल्या या मनोऱ्यात पळाला आणि उंदीर पोहत जाऊन त्याला खाऊन आले. ही गोष्ट ध्वनिक्षेपकावरून चालली असताना वेटर चीजचं ताट घेऊन फिरत होता.

त्यानंतरच्या गडांबद्दल एक गुपित सांगून टाकतो. यांतले पुष्कळसे जेवढे जुने दिसतात तेवढे नाहीत. फ्रेंचांनी १६८९ मध्ये यांतले बरेच उडवून दिले. मग शंभर-सव्वाशे वर्षं तिथे झाडंझुडपं वाढली. एकोणिसाव्या शतकात कवी आणि चित्रकार आले, त्यांनी पडक्या भिंतींवर उसासे टाकले, आणि ते उसासे प्रशियाच्या राजघराण्यापर्यंत पोचले. एका राजपुत्राने राइनश्टाइनचा पडका गड घेऊन १८२० च्या दशकात राहायला बांधून काढला. कोब्लेंझच्या अलीकडचा पिवळसर श्टोल्झेनफेल्स असाच पुढच्या राजाने सजवला. म्हणजे आपण ज्याला मध्ययुग समजून फोटो काढतो, ते कुणाचं तरी सुट्टीतलं घर असतं. मला यात फसवणूक वाटत नाही. किल्ल्याची डागडुजी कुणीतरी हौसेने केली, तीही स्वतःच्या पैशाने, हे वाचून मराठी माणसाला गहिवरूनच यायला हवं.

पण हे गड इथे मुळात बांधले कशाला? लढायांसाठी थोडेफार, बाकी बरेचसे टोलसाठी. दर काही मैलांवर एक सरदार, त्याचा एक बुरूज आणि खाली नदीत व्यापाऱ्याची अडवलेली बोट. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर वाढलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. काउबपाशी तर नदीच्या मध्यावर एका खडकावर टोलनाकाच उभा आहे. पांढऱ्या भिंती, वर करड्या पाटीदगडाचं छप्पर आणि पाण्याला छाती देऊन उभं राहिलेलं टोक. प्फाल्झग्राफेनश्टाइन त्याचं नाव. चौदाव्या शतकात, १३२७ च्या आसपास, बव्हेरियाच्या लुडविगने बांधायला घेतलं. जो टोल देणार नाही त्याला आतल्या विहिरीवजा कोठडीत ठेवत. हा नाका पाचशे वर्षांहून जास्त काळ वसुली करत राहिला. अखेर १८६८ मध्ये काठावरच्या देशांनी मानहाइमला करार करून ऱ्हाइनवरची वाहतूक करमुक्त केली.

‘‘पाचशे वर्षं?’’ डोंबिवलीकर पाट्या मोजायचं थांबले. ‘‘म्हणजे इथेही खर्च वसूल झाला नव्हता तर.’’

‘‘जंजिऱ्यासारखा दिसतो नाही?’’ त्यांच्या मंडळी म्हणाल्या.

‘‘जंजिऱ्याच्या एका बुरजात मावेल हा,’’ ही म्हणाली. आमच्याकडे माहेर अलिबागचं आहे. तिथे हा विषय पुढे वाढवत नाहीत.

लोरेलाय येणार म्हटल्यावर बोटीवर गडबड उडाली. ही जागा म्हणजे सुमारे १३२ मीटर उंचीचा एक कडा. नदी इथे अरुंद, खोल आणि वाकडी होते, पाण्याखाली खडक, पूर्वी बोटी फुटत. त्या अपघातांचं खापर कड्यावर बसून केस विंचरत गाणाऱ्या एका सुंदर तरुणीवर फोडलं जातं. कथा अगदी प्राचीन वाटते. प्रत्यक्षात ही बाई १८०१ च्या सुमारास क्लेमेन्स ब्रेंटानो नावाच्या कवीने रचली. १८२४ मध्ये हाइन्रिश हाइनेने तिच्यावर कविता केली, पुढे झिल्खर नावाच्या संगीतकाराने चाल लावली, आणि आता तिथून जाणाऱ्या बोटी ते गाणं ध्वनिक्षेपकावर वाजवतात. जर्मन आजी-आजोबा माना डोलावत गुणगुणतात. बाकीचे बाई कुठे दिसते ते बघतात. तिचा कांस्याचा पुतळा खाली बंधाऱ्याच्या टोकाला आहे, कडा वर आहे, आणि कुणी कशाचा फोटो काढायचा यावर डेकवर एकमत होत नाही. आमच्या शेजारच्या इंग्रज गृहस्थांनी मोठ्या मेहनतीने तिसऱ्याच कड्याचा काढला.

डोंबिवलीकरांनी लोरेलायकडे पाहिलंही नाही. त्यांना सिग्नल सापडला होता. या वळणांवर पलीकडून काय येतंय हे दिसत नाही, म्हणून खालून वर येणाऱ्या बोटींसाठी काठावर दिव्यांच्या खुणा लावल्या आहेत. आम्ही वरून खाली जात असल्यामुळे त्यांना त्याची पाठ तेवढी दिसली. तेवढ्यावरही त्यांचं समाधान झालं. शिवाय समोरून येणाऱ्या एका मालबोटीने निळी पाटी दाखवून मध्ये पांढरा दिवा लुकलुकवला. त्याचा अर्थ ‘मी तुला माझ्या उजव्या अंगाने घालवतो’ असा आहे, हे त्यांनी खलाशाकडून काढून घेतलं. आणि वर दोन्ही काठांवरून रेल्वे. एका काठाने प्रवासी गाड्या, दुसऱ्या काठाने पाचपाच मिनिटांनी मालगाड्या. बोगद्यांची तोंडंसुद्धा गडाच्या दरवाजांसारखी बुरूज काढून सजवलेली. ‘‘साहेब, खरं बघण्यासारखं हे आहे,’’ ते म्हणाले, ‘‘आणि बाई केस विंचरणारीचं सांगत बसलीये.’’

आता हात हलवण्याबद्दल. आरामाच्या दिवसातलं सगळ्यांत मोठं काम हे आहे. काठावर कॅम्पिंगला आलेली मंडळी गाडीपुढे घडीच्या खुर्च्या टाकून बसलेली असतात, ती हात हलवतात. सायकलवाले हलवतात. फेरीबोटीतले हलवतात, आणि फेरीबोटी पुष्कळ, कारण या पासष्ट किलोमीटरमध्ये कोब्लेंझपर्यंत नदीवर एकही पूल नाही. दुसऱ्या प्रवासी बोटी तर पूर्ण डेकने हात हलवतात. आपल्याकडे हात हलवायचा तो स्टेशनवर, ओळखीच्या माणसाला आणि गाडी खरोखरच सुटल्यावर. अनोळखी माणसाला हात केला तर तो पत्ता विचारायला जवळ येतो. त्यामुळे सुरुवातीला हिने केस सारखे केल्यासारखा अर्धा हात वर केला. पलीकडून एका लहान मुलाने दोन्ही हात हलवले. मग हिचाही पूर्ण हात आला. बाखाराख गेल्यावर ती स्वतःहून सुरुवात करू लागली आणि बोपार्टच्या आसपास द्राक्षांच्या मळ्यातल्या एका बुजगावण्यालाही तिचा निरोप गेला.

हात हलवत नाहीत ते मालबोटीवाले. त्या बोटी जवळून बघण्यासारख्या असतात. लांबलचक, भरल्या असल्या की पाणी काठाला लागेल इतक्या खाली बसलेल्या. मागच्या टोकाला घर. खिडकीला लेसचे पडदे, कुंड्यांत लाल जिरेनियम, दोरीवर वाळत घातलेले टॉवेल, छपरावर एक छोटी मोटार आणि ती धक्क्यावर उतरवायला चिमुकली क्रेन. अशी एक बोट आमच्या अगदी शेजारून, उलट्या दिशेने, संथपणे वर गेली. सुकाणूच्या खोलीत एक जाडगेला माणूस एका हाताने चालवत, दुसऱ्या हाताने मगमधून काहीतरी पीत होता. पायाशी कुत्रा. आमच्या डेकवरच्या पाऊणशे माणसांनी हात हलवले. त्याने आमच्याकडे पाहिलं नाही. कुत्र्याने पाहिलं, आणि जांभई दिली. आमच्या डेकवर त्या वेळी दोघे फोटो काढत होते, एकजण पाट्या मोजत होता, तिघी सुडोकू सोडवत होत्या, एक जपानी गृहस्थ प्रत्येक गडाच्या नावापुढे वहीत बरोबरची खूण करत होते. अख्ख्या नदीवर आरामात होता तो तेवढा एक कामावरचा माणूस.

बाराला जेवणाची घंटा झाली आणि मार्क्सबुर्ग नेमका सूपबरोबर आला. या पट्ट्यातला हा एकच डोंगरी किल्ला कधी उद्ध्वस्त झाला नाही, म्हणजे खराखुरा बघण्याजोगा हाच. पण सूप गरम होतं. निम्म्या लोकांनी चमचा ठेवून काच गाठली, निम्म्यांनी नुसती मान वळवली. मग वेटरने अभिमानाने झाकण उघडलं. पांढऱ्या शतावरीचा मोसम होता. जर्मनीत २४ जूनपर्यंत लोक ही भाजी सणासारखी खातात आणि त्यानंतर काढणी थांबते. बोटभर जाड, फिक्या, उकडलेल्या काड्या, वर लोण्याचा सॉस. डोंबिवलीच्या वहिनींनी काटा लावून बघितला.

‘‘शतावरी म्हणजे आपली शतावरीच ना हो?’’

‘‘त्याच कुळातली.’’

‘‘मग मला कशाला? सुनेला द्या. ती ओली बाळंतीण आहे.’’

दुपारी कोब्लेंझ. तिथे मोझेल येऊन ऱ्हाइनला मिळते. संगमावर सम्राट विल्हेल्म पहिल्याचा घोड्यावरचा अवाढव्य पुतळा आहे. तो बघितला. अडीच वाजता नॅपकिनच्या घड्या झाल्या. मोर, कमळ आणि बिशपची टोपी. प्रात्यक्षिकाला पुरुषांची गर्दी जास्त होती आणि त्यांतल्या प्रत्येकाची बायको त्याला, तिने आवाज न देता, कशाची तरी घडी घालताना पहिल्यांदाच पाहत होती. चारला केक झाला. सहापर्यंत डेकवर सगळीकडे असा शीण पसरला होता, की जणू आम्हीच वल्ही मारत आलो.

पावणेसातला उद्याची माहिती. बोट मोझेलवर वळून कोखेमला जाणार होती आणि सकाळी ‘मोकळा वेळ’ होता. व्यवस्थापक बाई हातात कागद घेऊन आली तेव्हाच तिचा चेहरा जरा गंभीर होता. मोझेलवरच्या एका लॉकचा दरवाजा बिघडलाय. बोटी पलीकडे जाऊ शकत नाहीत. त्यामुळे उद्या बसने लॉकच्या पलीकडे जायचं, तिथे अशीच एक बोट वाट बघत असेल, हुबेहूब अशाच खोल्या, तेच खोलीक्रमांक. गैरसोयीबद्दल अत्यंत दिलगीर. सामान सकाळी सहा वाजता खोलीच्या दाराबाहेर ठेवावं.

सभागृहात हळहळ पसरली. अमेरिकन आजींनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की दरवाजा त्यांनीच बिघडवला असावा. एका जर्मन गृहस्थांनी नुकसानभरपाईचा मुद्दा काढला. हिने खालच्या मजल्यावरून बॅगा कोण चढवणार ते विचारलं.

डोंबिवलीकर उठून उभे राहिले होते. इतक्या दिवसांत त्यांच्या चेहऱ्यावर एवढं तेज मी पाहिलं नव्हतं. खिशातून त्यांनी किल्लीच्या जुडग्यासकट बॅगेच्या कुलपाचा आकडा लिहिलेली चिठ्ठी काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

‘‘साहेब, सहा म्हणतात, पण आपण पावणेसहाला ठेवू. आणि वहिनींना सांगा, बसमध्ये पुढची सीट धरून ठेवतो.’’